घोड्याबरोबर ग्राउंडवर्क करताय? या चुका टाळा, आणि आधी दोरी सोडायला शिका

मैना माझ्याकडे आली ती सारंगखेड्याच्या यात्रेतून, दत्तजयंतीला तापीच्या काठावर घोड्यांचा जो मोठा बाजार भरतो तिथून. मारवाडी घोडी, पाच वर्षांची, ढोल वाजला की दोन पायांवर उभी राहून नाचणार, पण जरा उभी राहा म्हटलं तर दहा सेकंदसुद्धा एका जागी थांबायची नाही. मग मी नॅचरल हॉर्समनशिपचे, म्हणजे घोड्याचा स्वभाव समजून त्याला शिकवण्याच्या पद्धतीचे, व्हिडिओ बघून ग्राउंडवर्क सुरू केलं, म्हणजे वर न बसता जमिनीवरून दोरी, काठी आणि आपलं शरीर वापरून घोड्याशी बोलायचं, आणि पहिले सहा महिने जवळजवळ सगळं चुकीचं केलं. तुम्हीही तेच करत असाल तर थांबा, घोड्याला त्याचा खरंच त्रास होतो.

एक गोष्ट आधी सांगते. ही पद्धत अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रँचवरून आलीय, टॉम डोरन्स आणि रे हंट ही त्यातली मोठी माणसं, नंतर पॅट परेलीने सात खेळांच्या रूपात ती घरोघरी नेली. त्या व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीचे घोडे असतात, स्वभावाने थंड. आपली मारवाडी किंवा काठियावाडी घोडी तुम्ही नुसता खांदा वळवला तरी कान टवकारते, त्यामुळे व्हिडिओतला माणूस जेवढी दोरी हलवतो तेवढी आपण हलवली तर आपल्या घोड्याला ती ओरडल्यासारखी वाटते. निम्म्याहून कमीने सुरू करा.

आता खरी चूक. घोडा प्रेशरने, म्हणजे दोरीच्या किंवा काठीच्या दबावाने, शिकत नाही, प्रेशर सुटतं त्या क्षणाला शिकतो, आणि इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. मी मैनाला मागे सरकायला शिकवत होते, दोरी हलवायची आणि तिने एक पूर्ण पाऊल मागे टाकेपर्यंत हलवतच राहायची. प्रत्यक्षात ती बिचारी आधीच वजन मागच्या पायांवर घेत होती, म्हणजे तिने उत्तर दिलं होतं, पण मला ते दिसलंच नाही. मग तिने डोकं वर करून बघितलं, ते चाललं नाही, मग बाजूला आडवी वळली, तेही चाललं नाही, आणि शेवटी पुढचे पाय उचलले, तेव्हा मी घाबरून दोरी सोडली. म्हणजे मी तिला काय शिकवलं? पाय उचलले की सुटका! दोष तिचा काहीच नव्हता. वजन सरकलं की त्याच क्षणी दोरी ढिली, हात खाली, दोन श्वास थांबायचं. सेकंद-दीड सेकंद उशीर झाला की ते वरातीमागून घोडं, कारण तोवर तिने दुसरंच काहीतरी केलेलं असतं आणि बक्षीस त्याला जातं.

हे स्वतःला कळत नाही, म्हणून कुणाला तरी बाजूने मोबाइलवर शूट करायला सांगा आणि रात्री स्लो मोशनमध्ये बघा. खूर कधी हलला आणि दोरी कधी ढिली झाली, एवढंच बघा. मला रडू आलं होतं ते बघून.

याच्या उलट चूक म्हणजे कटकट. सारखी हलकी हलकी दोरी ओढत राहणं, काठी टकटक करत राहणं, ना सोडायचं ना स्पष्ट सांगायचं. असा घोडा थोड्या दिवसांत बहिरा होतो आणि लोक म्हणतात जाड कातडीचा आहे. क्रम ठेवा: आधी नजर आणि पोटातून पुढे झुकणं, मग हात, मग हलणारी दोरी, मग काठीचा हलका स्पर्श, प्रत्येकाला दोन-तीन सेकंद. आणि उत्तर मिळायच्या आत मध्येच सोडून देऊ नका, नाहीतर नुसतं वाट बघत उभं राहिलं की माणूस कंटाळतो हे तो शिकतो. पुढच्या वेळी परत नजरेपासून सुरुवात, काठीपासून नाही.

घोड्याची भीती मोडायला त्याच्यासमोर हलवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण यात मी सगळ्यात जास्त वाईट बघितलंय. आपल्याकडे जुनी रीत म्हणजे अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोऱ्यांनी, बांधून घोड्यावर पोतं आपटायचं, थोड्या वेळाने तो उभा राहतो, आणि सगळे म्हणतात बघा भीती मेली. नाही मेली! डोळा बघा, टक लागलेला असतो, पापणी लवत नाही, नाकपुड्या ताणलेल्या, मानेवर घाम. तो शांत नाहीये, त्याने आशा सोडलीय, आणि असा घोडा एखाद्या दिवशी काहीही कारण नसताना उसळतो. दुसरी चूक म्हणजे घोडा उडाला की आपणही दचकून पिशवी मागे घेतो, झालं, उडलं की पिशवी जाते हा धडा पक्का. मी आता असं करते की पिशवी इतक्या लांब धरायची जिथे कान तिच्याकडे वळतात पण पाय जागचे हलत नाहीत, एका लयीत हलवायची, मैना उभी राहून श्वास सोडते किंवा मान खाली घेते त्या क्षणी पिशवी खाली. पिशवी चुकून जवळ गेलीच आणि मैना सरकली तर तीच लय चालू ठेवायची, पाय थांबले की बंद. आणि सगळ्यात छान उपाय म्हणजे पिशवी घेऊन आपण पुढे चालायचं आणि घोड्याला मागून येऊ द्यायचं. ज्याचा आपण पाठलाग करतोय त्याची भीती कमी वाटते, दोन-तीन दिवसांत मैना स्वतः नाक लावायला आली.

हे सगळं दोन्ही बाजूंनी. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, जवळजवळ ३५० अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे दिसत नाही. पण डावीकडून बघितलेली वस्तू उजवीकडून बघताना त्याला बऱ्याचदा नवीच वाटते. आपण धरतो डावीकडून, चढतो डावीकडून, मग उजवीकडे गेलं की घोडा बिथरतो आणि आपण म्हणतो नखरे करतो. उजवी बाजू पहिल्यापासून शिकवा.

आता लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवणं. दमवणं म्हणजे शिकवणं नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. १२ फुटांच्या दोरीवर जेमतेम २४-२५ फुटांचा गोल होतो, त्यात अर्धा तास दुडक्या चालीने पळवलं तर सांध्यांवर ताण येतो, आणि घोडा शांत होत नाही, फक्त जास्त फिट होतो म्हणजे उद्या अजून जास्त पळवावं लागेल. दोन-तीन फेऱ्या, दिशा बदल, थांब, बस. शिंगराला तर असं गोल पळवूच नका. राउंड पेनमध्ये, म्हणजे गोल कुंपणात, पळवून पळवून घोडा शेवटी तुमच्याकडे आला की ते प्रेम समजू नका, कदाचित पळायची जागाच उरली नसेल. ओठ चाटणं-चघळणं म्हणजे शरण आला असंही नसतं, ताण होता आणि आता कमी होतोय एवढंच ते सांगतं, मग ताण एवढा का आला होता ते बघा.

गोलात घोडा थांबून तुमच्याकडे तोंड करत असेल तर बहुतेक तुम्ही त्याच्या खांद्याच्या पुढे उभे आहात, त्याच्या पोटाच्या रेषेत या. अंगावर चढत असेल तर तुमचे पाय बघा, तो येतो आणि तुम्ही मागे सरकता, म्हणजे तोच तुमचं ग्राउंडवर्क करतोय. चावत असेल तर हातातून गूळ-गाजर बंद, बादलीत द्या. पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, तुमच्याकडे फिरवून लाथेची तयारी दाखवत असेल तर लांब राहा आणि एकट्याने प्रयोग करू नका, जाणकार माणूस बोलवा.

सामानाचंही थोडं. रोप हॉल्टरची, म्हणजे तोंडावर चढवायच्या दोरीच्या मोहरकीची, नाकावरची दोरी गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली असावी, त्याहून खाली गेली तर नाकाच्या मऊ कूर्चेवर दाबते. गाठीचं मोकळं टोक डोळ्यापासून लांब. या हॉल्टरला घोडा बांधून ठेवायचा नाही कारण तो तुटत नाही, घोडा मागे ओढला तर मान दुखावते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, घडी करून मुठीत धरा. आणि काटेरी लगाम कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांतच त्याला बंदी आहे.

एक गोष्ट लिहिताना अजून वाईट वाटतं. मैना मान उजवीकडे द्यायला तयारच नव्हती, मी आठवडाभर हट्टी आहे म्हणत प्रेशर वाढवत राहिले. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर डावीकडच्या वरच्या दाढांना धार आली होती, मी उजवीकडे ओढलं की हॉल्टर डावा गाल त्या धारेवर दाबत होता. दाढा घासून घेतल्या, चार दिवस सुट्टी दिली, पाचव्या दिवशी दोन बोटांनी मान वळली. त्यामुळे काहीही अडलं की आधी दात, मग नालबंदाला बोलवून खूर, मग पाठ, आणि हे सगळं ठीक असेल तरच ट्रेनिंगचा विचार.

आता मी सकाळी ऊन चढायच्या आत १५-२० मिनिटं करते, एक नवी गोष्ट नीट झाली की मोहरकी काढून तिला चरायला सोडते. सध्या पिकअपमध्ये चढायचं चाललंय. बांधाला गाडी मागे लावतो म्हणजे उंची कमी होते, मैना पुढचे दोन पाय आत ठेवते आणि थांबते, मी तिथूनच तिला परत मागे घेते, ती घाबरून मागे यायच्या आधी. काल पहिल्यांदा तिने दोन पाय आत ठेवून मान खाली घेतली, आतला पेंढा हुंगला आणि खायला लागली.