चामखीळ उपटायला जाऊ नका: या चुका टाळा

त्वचारोग विभागाच्या ड्रेसिंगच्या खोलीत मी चौदा वर्षं परिचारिका म्हणून काम करते. समोरचा माणूस टेबलावर हात किंवा पाय ठेवतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सिस्टर, हिचं मूळच काढून टाका." मी पाहिलेल्या बहुतेक जखमा या एका समजुतीतून झालेल्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

चामखिळीला मूळ नसतं. ती ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होते. या विषाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवरच्या चामखिळी बहुतेक वेळा त्यातल्या १, २, ४, २७ आणि ५७ अशा मोजक्या प्रकारांमुळे उठतात. कातडीला बारीकसं खरचटलेलं असतं, आपल्याला ते दिसतही नाही. तिथून विषाणू वरच्या थराच्या तळातल्या पेशींमध्ये शिरतो, पेशी भराभर वाढायला लागतात आणि कातडी खडबडीत, जाड होते. हे सगळं वरच्याच थरात चालतं. चामखिळीत दिसणारे काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. लोक त्यांनाच मुळं समजतात आणि सुईने कोरत बसतात.

ब्लेड आणि नेलकटर

एक तिशीतला माणूस आला होता. दिवसभर उभं राहण्याचं काम. चवड्याखाली दुखायचं म्हणून त्याने स्वतःच ठरवलं की कुरूप झालंय. आधी कुरुपाची पट्टी लावली, मग दर रविवारी आंघोळीनंतर ब्लेडने तासायला लागला. आठ महिने! दोन दिवस बरं वाटायचं, म्हणून आपलं बरोबर चाललंय अशी त्याची खात्री झाली होती.

मी पाय धुतला, दिवा जवळ ओढला आणि वरची मेलेली कातडी हलकेच काढली. खाली काळे ठिपके होते. तळव्याच्या रेघा चामखिळीच्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या, आत एकही रेघ नव्हती. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर त्याने पाय झटकन मागे घेतला. मधल्या जुन्या चामखिळीभोवती लहान लहान चामखिळी उठून एकमेकींना चिकटल्या होत्या. ब्लेडचा प्रत्येक काप विषाणूसाठी नवी वाट करून देत होता आणि तेच ब्लेड तो विषाणू शेजारच्या कातडीवर नेत होतं. सुरुवातीला जे मसुराच्या दाण्याएवढं होतं, ते दोन बोटं रुंद झालं होतं. बरं व्हायला पुढे सात महिने लागले.

कुरूप आणि चामखीळ यातला फरक घरीही बराचसा कळतो. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ बाजूंनी दाबली की जास्त दुखते. ही खूण दरवेळी खरी ठरत नाही, माझा भरवसा रेघांवर जास्त आहे. कुरुपावरून त्वचेच्या रेघा पुढे गेलेल्या दिसतात, चामखिळीपाशी त्या तुटतात. शंका असेल तर दाखवून घ्या, पण हातात ब्लेड घेऊ नका.

दोरा बांधायचा सल्लाही याच गोंधळातून येतो. मानेवर, काखेत मऊ, देठावर लोंबणारी जी वाढ असते तिलाही आपण चामखीळच म्हणतो. ती वेगळी, तिचा या विषाणूशी संबंध असेलच असं नाही. तिच्यासाठी ऐकलेला उपाय लोक बोटावरच्या खडबडीत चामखिळीवर करतात आणि बोट सुजवून घेतात.

सहा दिवसांत बरं व्हायची घाई

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण इथे औषध बरोबर असतं आणि वाट पाहायची तयारी नसते. घरी करायच्या उपायांत सॅलिसिलिक ॲसिड सगळ्यात भरवशाचं आहे. हातांसाठी साधारण १७ टक्क्यांचं द्रावण, तळव्याच्या जाड कातडीसाठी ४० टक्क्यांपर्यंतची पट्टी. रोज लावायचं आणि १२ आठवड्यांपर्यंत लावायचं. बारा आठवडे म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

माझी भाची त्यातलीच. बोटावर एकच चामखीळ, आणि पुढच्या आठवड्यात फोटो काढायचे होते. तिने दिवसातून चार वेळा औषध लावलं, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. सहाव्या दिवशी फोन आला, "मावशी, बोट जळतंय." जाऊन पाहिलं तर आजूबाजूची चांगली कातडी सोलून निघाली होती, लाल ओली जखम, आणि मधोमध चामखीळ जशीच्या तशी. तीन आठवडे औषध बंद ठेवावं लागलं. नंतर रोज एकदाच, नीट लावलं तेव्हा अकराव्या आठवड्यात ती गेली.

याच्या उलट चूकही तितकीच होते. दोन आठवड्यांत वरचा थर पांढरा पडून सुटतो, लोकांना वाटतं झालं, आणि बाटली कपाटात जाते. महिन्याभरात चामखीळ परत वर येते आणि "औषधात दम नाही" असं मलाच ऐकवतात.

मी सांगते ती पद्धत माझ्या हाताच्या सवयीची आहे. रात्री झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं तो भाग कोमट पाण्यात भिजवा. पुसून कोरडा करा. वरची पांढरी, मेलेली कातडी नखं घासायच्या कागदी पट्टीने घासा, गुलाबी दिसलं किंवा दुखायला लागलं की थांबा. मी कागदीच पट्टी सांगते, कारण ती टाकून देता येते. तीच पट्टी नखांना किंवा चांगल्या कातडीला लागली तर विषाणूही तिथे जातो. मग चामखिळीभोवती काडीच्या टोकाने पेट्रोलियम जेलीचं कडं करा आणि आत औषधाचा एक थेंब. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. चुरचुरलं तर हरकत नाही, पण जखमेसारखं दुखलं तर दोन-तीन दिवस सुट्टी द्या.

दर रविवारी फोटो काढा, शेजारी दरवेळी तेच पेनाचं टोपण ठेवून. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, चार रविवारचे फोटो बाजूबाजूला ठेवले की दिसतो. काळे ठिपके गेले आणि त्वचेच्या रेघा त्या जागेवरून पुन्हा सलग जायला लागल्या की काम झालं. मी त्यानंतरही आठवडाभर लावायला सांगते.

चामखीळ गोठवण्याबद्दल थोडं. दवाखान्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात, घरी मिळणारे फवारे तेवढे थंड नसतात. एकदा गोठवून सहसा भागत नाही, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावं लागतं. फोड आला तर तो फोडू नका. चामखिळीवर डक्ट टेप, म्हणजे जाड चिकटपट्टी, लावून ठेवण्याबद्दल २००२ मध्ये एका छोट्या अभ्यासामुळे फार आशा निर्माण झाली होती, नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही.

दाढी करताना चामखिळीवरून वस्तरा फिरवू नका, वस्तऱ्याच्या रेघेत नव्या चामखिळी उठतात. नखं कुरतडू नका. नखांच्या कडेची चामखीळ तशीच ओठांवर जाते.

चेहऱ्यावर आणि जननेंद्रियांवर सॅलिसिलिक ॲसिड कधीही नको. जननेंद्रियांवरच्या चामखिळी बहुतेक ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात, त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला ॲसिड लावू नका. तीळ, मस यांच्यावर तर नाहीच. आणि वय झालेल्या माणसाला नवीन गाठ आली, ती वाढतेय, त्यातून रक्त येतंय, तर चामखीळ समजून घरी महिने घालवू नका. त्वचेचा कर्करोगही तसा दिसू शकतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मला आईवडिलांना हात जोडून सांगावंसं वाटतं. मुलांमधल्या साधारण दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काही न करता जातात. दुखत नसेल, पसरत नसेल, तर चार वर्षांच्या पोराला घट्ट धरून रोज घासायची काहीच गरज नाही.

पसरू नये म्हणून काय करायचं ते सोपं आहे. पोहायला जाताना चामखिळीवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, सार्वजनिक न्हाणीघरात चप्पल घाला, टॉवेल आणि मोजे स्वतःचेच वापरा. भेगाळलेल्या हातापायांना मलम लावत जा, विषाणूला भेगच हवी असते. सॅनिटायझरवर विसंबू नका, हा विषाणू अल्कोहोलला तसा दाद देत नाही. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला एक ते सहा महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात, त्यामुळे "कोणाकडून लागली" हे शोधत बसून हाती काही लागत नाही.

आणि दाखवायला याल तेव्हा आदल्या रात्री घासून, कापून येऊ नका. रेघा आणि ठिपके आम्हाला पाहायचे असतात. लावत असलेल्या औषधाची बाटली बरोबर आणा. तिच्यावरची टक्केवारी वाचल्याशिवाय मी पुढचं काही सांगत नाही.