जुन्या रेकॉर्ड्स धुताय? या चुका टाळा

माळ्यावरून किंवा चोरबाजारातून रेकॉर्ड्स घरी आल्या की बहुतेकांचा हात आधी स्पिरिटच्या बाटलीकडे जातो. थांबा. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला लावतो ते पॉलिश याच दोघांचं! एकदा खाच विरघळली की तिथलं गाणं कायमचं गेलं.

ओळखायचं कसं? तबकडी साधारण १० इंची, जड, ठिसूळ आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं असेल तर ती लाखेची समजा. वाकवून बघायच्या भानगडीत पडू नका, मोडेल. आपल्याकडे १९६०च्या दशकातही ७८च्या तबकड्या निघत होत्या. त्यामुळे ‘सिनेमा साठच्या दशकातला, म्हणजे रेकॉर्ड व्हिनाइलचीच (प्लास्टिकचीच)’ हा हिशेब चुकतो.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसायचं. लाखेची तबकडी भिजत ठेवू नका, लगेच टिपून घ्या. बोअरच्या पाण्याने धुतलेली रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त खरखरते, कारण पाणी वाळतं आणि क्षार खाचांत राहतात. चमक यावी म्हणून तेल तर अजिबात नको.

धुऊनही खरखर गेली नाही तर नीट ऐका. एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या व्हिनाइलच्या तबकडीवर, दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ येत असेल तर तो ओरखडा आहे, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. वरच्या पट्टीत आवाज फाटत असेल तर बहुधा खाच झिजलीय, त्यावर धुणं हा उपाय नाही. सुरुवातीला स्वच्छ आणि पुढे घोगरा होत जाणारा आवाज म्हणजे सुईवर धूळ जमलीय. मऊ ब्रशने मागून पुढे झटका. ७८ची तबकडी एलपीच्या सुईवर लावली असेल तर दोष तबकडीचा नाही. तिच्या खाचेला जवळपास चौपट रुंद टोक लागतं.

चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स (सुई बसवलेलं डोकं) मिळून व्हिनाइल खरवडून काढतात.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब. आणि बुरशी धुऊन काढलीत तर आतलं कागदी पाकीटही नवं घाला. जुन्यातच ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.