इंदूरच्या गाडी लाइनीत नवीन आलात? "कहाँ के हो?" विचारलं की काय म्हणाल

महाराष्ट्रातून इंदूरच्या गाडी लाइनीत, म्हणजे ट्रकच्या धंद्यात, येणारी पोरं आधी खोली, डबा आणि पगार विचारतात. खोलीसाठी देवास नाका, निरंजनपूर, लसूडिया हा पट्टा बघा. कामाच्या जवळ पडतो, रात्री दोनला गाडी लागली तरी पायी खोलीवर जाता येतं. खाण्याची अडचण इंदुरात कुणालाच येत नाही. सकाळी जिरावण मसाला भुरभुरवलेले पोहे आणि जिलेबी मिळाली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. जड गाड्यांना शहरात दिवसा बंदी असते आणि तिच्या वेळा बदलत राहतात. तेव्हा सियागंज किंवा छावणी या शहरातल्या बाजारांचा माल असेल, तर निघण्याआधी बुकिंगवाल्याला विचारून घ्या. बाकीचं आठवडाभरात अंगवळणी पडतं.

एका गोष्टीची मात्र आपल्या पोरांना कुणी कल्पना दिलेली नसते, आणि तिच्यापायी चांगली पोरं महिनाभरात घरी परत गेलेली मी पाहिली आहेत. ती म्हणजे राज्यावरून होणारी थट्टा. ट्रान्सपोर्ट नगरात तुम्ही गाडीतून उतरता, कुणीतरी विचारतं, "कहाँ के हो?" तुम्ही महाराष्ट्र म्हणता, आणि लगेच तुमचा चहा, तुमचा वडापाव, तुमचे टोलनाके, सगळ्याचा उद्धार सुरू होतो. घरून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोराला वाटतं, हे आपल्याला हिणवतायत. तसं अजिबात नाही. या लाइनीत माणूस जवळ घेण्याची हीच पद्धत आहे. जो नकोसा असतो त्याला कुणी कुठला म्हणून विचारतही नाही.

एवढ्या राज्यांची माणसं इथेच का गोळा होतात, ते नकाशा उघडून बघा. आपण अजूनही आग्रा रोड म्हणतो त्या रस्त्याचा इंदूर–धुळे तुकडा आता राष्ट्रीय महामार्ग 52 मध्ये येतो. हा 52 पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो आणि हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश करत धुळे, संभाजीनगर, बीड, सोलापूरवरून कर्नाटकात अंकोल्याला समुद्रापाशी संपतो. त्यावर आडवा येतो 47, एका अंगाने अहमदाबाद-गोध्रा, दुसऱ्या अंगाने बैतूल-नागपूर. त्यात पिथमपूरचे कारखाने, लोहा मंडी, चोइथराम मंडीचा कांदा-बटाटा-लसूण. माल भरायला आणि खाली करायला गाड्या इथे दिवस दिवस थांबतात, आणि थांबलेला ड्रायव्हर बोलतो.

कोण कुणाला काय म्हणतं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. राजस्थानवाल्याला पाण्यावरून छेडतात, की याच्या गाडीत डिझेल कमी असेल पण पाण्याचा कॅम्पर भरलेला असणार. तो लगेच म्हणतो, म्हणूनच उन्हाळ्यात सगळे माझ्याच गाडीपाशी येता. गुजरातवाल्याला डाळीतल्या गुळावरून. हरियाणावाल्याला त्याच्या बोलण्यावरून, की हा प्रेमाने हाक मारतो तरी समोरचा जॅक-पाना शोधायला लागतो. तमिळनाडूचा ड्रायव्हर गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकतो, तेव्हा कुणीतरी ओरडतंच, "अण्णा, चावल से घाट चढ़ेगी क्या?" अण्णाला हिंदी बेताची येते. तो नुसता गाडीच्या बॉडीवर हात थोपटून म्हणतो, "नामक्कल!" त्यावर कुणाला बोलायला जागा नसते, कारण नामक्कलच्या बॉडीबांधणीचं नाव सगळ्या देशात आहे.

मध्य प्रदेशवाल्याचा विषय ठरलेला, रस्ते. जुने ड्रायव्हर सांगतात, एकेकाळी सेंधव्याची हद्द ओलांडली हे झोपलेल्या क्लीनरलासुद्धा कळायचं, डोकं टपाला आपटलं की मध्य प्रदेश आला. 2003 ची इथली विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाण्यावरूनच गाजली होती, यावरून तेव्हाची अवस्था समजा. मग रस्ते सुधारले आणि इंदूरवाल्यांना बोलायला तोंड मिळालं. आता तेच आपल्याला विचारतात, "भिया, नाशिक से मुंबई कितने दिन में पहुँचे?" पावसाळ्यात याला उत्तर देणं अवघड आहे. हसून मान्य करून टाका.

गाडीच्या नंबरवरून माणूस ओळखायला जाऊ नका. एनएल म्हणजे नागालँड पासिंगच्या असंख्य गाड्या इथे दिसतील. मालक दुसऱ्याच राज्यातला आणि ड्रायव्हर तिसऱ्या. केबिनमधला देव बघा, तो जास्त खरं सांगतो. सांवरिया सेठ किंवा खाटू श्याम असेल तर राजस्थानकडचा रस्ता धरा. मल्हारी किंवा तुळजाभवानी दिसली, तर सरळ मराठीत हाक मारा.

उत्तर कसं द्यावं, ते लातूरहून आलेल्या एका पोराकडून शिकण्यासारखं आहे. आमच्या तोलकाट्याशेजारी एक टपरी आहे. तिथे संगरूरकडचे एक वयस्क सरदारजी येतात, सगळे त्यांना पापाजी म्हणतात. हा पोरगा पहिल्या संध्याकाळी टपरीवर आला, तर पापाजींनी कटिंगचा ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "देख बेटा, ये तेरे महाराष्ट्र की चाय. होंठ गीले होने से पहले खतम." सगळे हसले, पोरगा गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी ग्लास वर जायच्या आतच पोरगा म्हणाला, "पापाजी, हमारी चाय पीके आदमी गाड़ी चलाता है. आपकी लस्सी पीके गाड़ी साइड में लगानी पड़ती है." टपरीवाल्यासकट सगळे हसले. पापाजी तर ठसका लागेपर्यंत हसले. मग बाकड्यावर सरकून त्यांनी जागा केली, "आ, बैठ. नाम क्या है तेरा?" तोवर त्याचं नाव कुणी विचारलेलं नव्हतं. पुढे कोटा–जयपूरच्या पहिल्या खेपेला त्याच्या पुढे पापाजींचीच गाडी होती.

त्या उत्तरात काय होतं बघा. त्याने लस्सी पकडली, पापाजींना पकडलं नाही. थट्टा खाण्यापिण्यावर, रस्त्यावर, हवेवर, बोलण्याच्या ढंगावर करावी. सरदारांवरचे 'बारा वाजले'वाले विनोद कधीही करू नका, दुसरं कुणी करत असेल तर हसूही नका. दक्षिणेच्या माणसाला मद्रासी म्हणू नका. बिहार हे नाव शिवीसारखं वापरणारे आपल्याकडे आहेत. ती सवय असेल तर ती घरी ठेवूनच इकडे या. जात, धर्म, घरातल्या बायका आणि कुणाचा पगार, यावर इथली जुनी माणसं एक शब्द बोलत नाहीत, आणि नवीन माणूस बोलला तर त्याच्यासाठी बाकड्यावर पुन्हा जागा होत नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा. तुम्हाला कुणी घाटी म्हणालं आणि ते लागलं, तर तिथल्या तिथे शांतपणे सांगा की भाऊ, हे नको. ऐकतात. मनात ठेवून चार दिवसांनी भांडलात, तर ते भांडण कशाचं हे कुणालाच कळत नाही.

काही विषय हसण्यावारी नेता येत नाहीत. 2008 साली मुंबई-नाशिककडे उत्तर भारतीयांना मारहाण झाली, ती उत्तर प्रदेश-बिहारचे ड्रायव्हर विसरलेले नाहीत. टपरीवर कधीतरी कुणी बोलता बोलता म्हणेल, "तुम्हारे यहाँ तो हमको मारते हैं." इथे प्रत्युत्तर शोधू नका आणि महाराष्ट्राची वकिलीही करू नका. झालं ते वाईट झालं, एवढं सरळ म्हणा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण राज्यांच्या भांडणात पहिला दगड गाडीच्या काचेवर पडतो. सप्टेंबर 2016 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बंगळुरूत तमिळनाडूच्या बस आणि ट्रक जाळले गेले. डिसेंबर 2022 मध्ये सीमावादावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली. त्या ड्रायव्हरांचा ना कावेरीशी संबंध होता, ना सीमेशी. नंबर प्लेटवरची दोन अक्षरं तेवढी चुकीच्या ठिकाणी होती. हे ज्याच्या त्याच्या बाबतीत होऊ शकतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून दुसऱ्याच्या राज्याचं नाव घेताना डोळ्यात हसू असलं पाहिजे, हा इथला कटाक्ष.

मराठी माणसाला इंदुरात एक सवलत मिळते, ती ओळखून वागा. हे होळकरांचं गाव. मल्हारराव जेजुरीजवळच्या होळचे, अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या, आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी महेश्वरहून माळव्याचा कारभार केला. त्यामुळे इथला माणूस महाराष्ट्राची कितीही चेष्टा करो, अहिल्याबाईंचं नाव निघालं की हात जोडतो. आपण "त्या आमच्याकडच्या" म्हणून तोरा मिरवायचा नाही. त्यांच्या त्या आई आहेत. पिढ्यानपिढ्या इथे राहिलेली मराठी घरंही पुष्कळ आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते, तिला नावं ठेवू नका. गणपतीत आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, तीच माणसं तुम्हाला हाताला धरून घेऊन जातील.

नागपूरकडच्यांना तर फारच मजा. मध्य प्रदेशवाला राजधानीचा तोरा दाखवायला लागला की नागपूरवाला म्हणतो, 1956 पर्यंत तुमच्या राज्याची राजधानी आमच्याकडे होती, सामान तेवढं तुम्ही भोपाळला नेलं. आणि वर्षात दोन दिवस टपरीवर हमखास गंमत असते. 1 मे हा महाराष्ट्र आणि गुजरात दोघांचाही स्थापना दिवस, तेव्हा चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन्हीकडचे भांडतात, आणि भांडण आपण द्यावेत यासाठी असतं. 1 नोव्हेंबरला मध्य प्रदेश, कर्नाटक, हरियाणा, छत्तीसगड, केरळ सगळ्यांचाच. त्या दिवशी चहा कुणाकडून प्यायचा तेच कळत नाही. या दोन तारखा लिहून ठेवा आणि त्या दिवशी खिशात सुट्टे पैसे ठेवा. खंडेनवमीला दक्षिणेकडच्यांची आयुधपूजा असते, तेव्हा गाडी धुवून, लिंबं आणून त्यांच्या शेजारी आपलीही पूजा मांडा. प्रसाद दोन्हीकडचा मिळतो.

घाटात मात्र थट्टा बंद. मानपूर सोडल्यावर धामनोदकडे उतरताना गणेश घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन फार माणसं गेली आहेत. जड गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवा, न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका, कुणी कितीही शहाणपण सांगो. खलघाटला नर्मदेच्या पुलावर सगळ्या राज्यांचे ड्रायव्हर "नर्मदे हर" म्हणतात, तुम्हीही म्हणा. पुढे सेंधव्यापलीकडे, महाराष्ट्राची हद्द लागते तिथे बिजासनी मातेचं देऊळ आहे. इंदुरातही विमानतळाजवळ बिजासन टेकडी आहे, तेव्हा कुणी "बिजासनला भेटू" म्हणालं तर कुठलं ते आधी विचारा.

आणि ही दोस्ती कामालाही येते. दलाल रिटर्न भाड्याचा एकच आकडा सांगतो. त्या राज्याचा ड्रायव्हर सांगतो की तिथलं खरं भाडं काय चाललंय, कुठल्या गोदामात गाडी दोन दोन दिवस खाली होत नाही, हमाली कोण भरतं, पोच पावतीला कोण रडवतं आणि रात्री कुठल्या पंपावर गाडी निर्धास्त लावता येते. म्हणून टपरीवर ज्याने तुमच्या चहाची चेष्टा केली, त्याचा नंबर त्याच संध्याकाळी घेऊन ठेवा, नावापुढे जिल्हा लिहा. जयपूरचं भाडं निघालं की आधी राजस्थानवाल्याला फोन लावा, मग दलालाला हो म्हणा.