छाट कलमाला मुळे फुटण्यासाठी ऑक्झिनचा वापर

कोल्हापुरात पाऊस स्थिरावून हवेत ओलावा टिकू लागला की जास्वंदीची छाट कलमे करावीत. ऑक्झिन हे संप्रेरक शेंड्यात व कोवळ्या पानांत तयार होऊन बुडाकडे वाहते आणि तेथील पेशींना मुळे घडविण्यास प्रवृत्त करते. म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीची अर्धपक्व फांदी डोळ्याच्या (पान फुटते त्या पेराच्या) लगेच खाली छाटावी, वरची दोन पाने राखावीत आणि कळ्या खुडाव्यात.

कलमांसाठी वापरायचे ऑक्झिन म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल; ते पाण्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे हातमोजे घालून 100 मिलिग्रॅम आम्ल 50 मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवावे आणि पाणी घालून द्रावण 100 मिलिलिटर करावे, म्हणजे तीव्रता 1000 पीपीएम (दशलक्ष भागांत 1000 भाग) होते. त्यात फांदीचे बूड सुमारे 5 सेकंद बुडवून वाळू द्यावे. मात्रा वाढविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण अतिरिक्त ऑक्झिन मुळांची लांबी खुंटवते.

स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखविले की ऑक्झिनचे प्रमाण सायटोकायनिन या दुसऱ्या वनस्पती-संप्रेरकापेक्षा अधिक असल्यास मुळे आणि उलट असल्यास कोंब फुटतात. म्हणून या टप्प्यावर सायटोकायनिनयुक्त टॉनिक देऊ नये.

पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते व बूड कुजते, त्यामुळे कलमे वाळू आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात, सावलीतच लावावीत.