ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षणाची पूर्वतयारी

ऑनलाइन प्रशिक्षणाची तयारी बहुतेक वेळा लिंक तयार करण्यापासून सुरू होते. ती शिक्षकांच्या वर्गापासून सुरू व्हायला हवी. म्हणून सत्राच्या सुमारे तीन आठवडे आधी सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला एक छोटा गूगल फॉर्म पाठवावा आणि त्यात तीनच प्रश्न ठेवावेत: येत्या महिन्यात आपण कोणता घटक शिकवणार आहात, त्यात मुले नेमकी कुठे अडखळतात, आणि त्यावर आजवर काय करून पाहिले. आलेली उत्तरे सुलभकाने, म्हणजे सत्र घेणाऱ्याने, स्वतः वाचावीत. चाळीस शिक्षकांपैकी पंधरा जणांनी दशांश अपूर्णांकांची अडचण लिहिली असेल, तर सत्राचा विषय तिथेच ठरला. ‘गणित अध्यापनातील नवप्रवाह’ असा ढोबळ विषय घेऊन त्यांच्यासमोर जाण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर सत्राचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहून काढावे. सत्र संपल्यावर शिक्षक काय करू शकतील, हे त्यातून स्पष्ट व्हावे. ‘संकल्पना समजेल’ या शब्दांतून काहीच ठरत नाही, ‘०.४ पेक्षा ०.३५ मोठा म्हणणाऱ्या मुलाला विचारायचे तीन प्रश्न शिक्षक तयार करतील’ या वाक्यातून मात्र पुढचा सगळा आराखडा उलगडतो. ३५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा, असा त्या मुलाचा तर्क असतो आणि पूर्ण संख्यांपुरता तो बरोबरही असतो. विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्य जिथे एकत्र येतात, त्या ज्ञानाकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये लक्ष वेधले होते. प्रशिक्षणाचा वेळ याच ज्ञानावर खर्च झाला, तर शिक्षक आपोआप गुंततात, असा माझा अनुभव आहे.

साधनांची निवड यानंतर करावी, आणि एका सत्रात दोनपेक्षा अधिक नवी साधने आणू नयेत. प्रत्येक नवे साधन म्हणजे नवी लिंक, नवे लॉगिन आणि गोंधळात जाणारी काही मिनिटे. कहूटसारख्या ऑनलाइन प्रश्नमंजूषेत सहसा लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. उजळणीला ते ठीक आहे, पण जिथे शिक्षकांनी थांबून विचार करावा अशी अपेक्षा आहे, तिथे हे साधन मी वापरत नाही. त्याऐवजी मेंटीमीटरवर किंवा झूमच्या पोलमध्ये निनावी मतदान घ्यावे. एरिक मॅझूर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते: प्रश्न द्यावा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवावे, मग सहकाऱ्याशी चर्चा करावी आणि त्याच प्रश्नावर पुन्हा मत द्यावे. मात्र यासाठी प्रश्नाचे पर्याय मेहनतीने तयार करावे लागतात. चुकीचा प्रत्येक पर्याय मुलांच्या खऱ्या चुकीतून आलेला असावा, आणि ते पर्याय पहिल्याच फॉर्मच्या उत्तरांत सापडतात. मतदान निनावी ठेवण्यालाही कारण आहे: वीस वर्षे शिकवणाऱ्या व्यक्तीला सहकाऱ्यांसमोर ‘मला खात्री नाही’ असे म्हणणे जड जाते, आणि तो संकोच दूर करण्याची जबाबदारी आयोजकांची आहे.

जे केवळ ऐकायचे आहे, ते सत्रातून बाहेर काढावे. सिद्धान्ताचा भाग आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओत ध्वनिमुद्रित करून चार दिवस आधी पाठवावा आणि सोबत एकच प्रश्न द्यावा, ज्याच्या उत्तरापासून सत्र सुरू होईल. पण सुरुवातीला तोच व्हिडिओ पुन्हा समजावून सांगितला, तर पुढच्या वेळी तो कोणीही पाहणार नाही.

गटकार्याची तयारी सर्वांत बारकाईने करावी, कारण ऑनलाइन सत्र बहुधा ब्रेकआउट रूममध्येच, म्हणजे छोट्या गटांसाठीच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्यांमध्येच, कोसळते. गट चार जणांचा असावा; सहा-सात जणांच्या गटात दोघेच बोलतात. गटात गेल्यावर मुख्य खोलीतील स्लाइड समोर राहीलच असे नाही, त्यामुळे सूचना तोंडी देऊन भागत नाही. प्रत्येक गटासाठी गूगल डॉकमध्ये स्वतंत्र पान करून त्याच्या वरच्या भागात काम, वेळ आणि अपेक्षित निष्पत्ती लिहून ठेवावी. कामही ठोस असावे: एका मुलाची सोडवलेली वही, तिच्यातील चूक, आणि त्या मुलाला विचारायचा पहिला प्रश्न. ‘या विषयावर चर्चा करा’ एवढेच सांगून गट पाठवले, तर पंधरा मिनिटांतील दहा शांततेत जातात. वहीचे छायाचित्र वापरताना मुलाचे नाव झाकावे. वर्गाचे चित्रीकरण दाखवायचे असल्यास पालकांची आणि शाळेची परवानगी आधी घ्यावी.

सरावासाठी वेळ राखून ठेवावा. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन फोनवरही सहज करता येते: पाच मिनिटांचा पाठ, सहकाऱ्यांचे प्रत्याभरण (फीडबॅक), आणि त्यावरून सुधारून पुन्हा तोच पाठ. प्रत्याभरणाची चौकट आधीच द्यावी, म्हणजे ‘छान झाले’ यापलीकडे काही बोलले जाईल.

तांत्रिक तपासणी थोडक्यात आटोपते, पण ती टाळू नये. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी बंद होते, हे वेळापत्रक आखताना लक्षात ठेवावे. सुलभकाखेरीज एक तंत्रसहायक असावा, जो केवळ चॅट आणि प्रवेशाच्या अडचणी पाहील. अनेक जण फोनवरूनच जोडले जातात, म्हणून स्लाइडवरील अक्षरे मोठी ठेवावीत, सगळे साहित्य पीडीएफमध्ये आधी पाठवावे आणि संपूर्ण सत्रभर कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. सत्र कामाच्या वेळेतच घ्यावे. दिवसभर शिकवून थकलेल्या शिक्षकांकडून रात्री उत्साहाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

शेवटचे काम सत्राआधीच करायचे आहे: दुसऱ्या भेटीची तारीख ठरवणे. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून मांडलेला मुद्दा असा, की विवेचन आणि प्रात्यक्षिक पाहून कौशल्य समजते, पण ते वर्गात रुजण्यासाठी सराव, प्रत्याभरण आणि प्रत्यक्ष वर्गातील मार्गदर्शनाची जोड लागते. म्हणून दोन आठवड्यांनी अर्ध्या तासाची भेट निमंत्रणातच नोंदवावी, तोवर प्रत्येकाने आपल्या वर्गातील एका उत्तराचे छायाचित्र पॅडलेट या सामायिक ऑनलाइन फलकावर लावावे, आणि ‘सत्र आवडले का’ हा प्रश्न अभिप्राय फॉर्ममधून काढून त्या जागी ‘वर्गात काय करून पाहिले आणि मुलांनी काय उत्तर दिले’ हा प्रश्न ठेवावा.