कॅन्सरच्या उपचारात किडनीचे रिपोर्ट कसे वाचावेत

केमोच्या आदल्या दिवशी रिपोर्ट येतो, क्रिएटिनिनसमोर लाल खूण नसते आणि घरचे निर्धास्त होतात. कॅन्सरच्या पेशंटच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त राहू नये. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. वजन उतरून स्नायू झिजले की ते मुळातच कमी तयार होतं. मग किडनी मंदावली तरी आकडा ‘नॉर्मल’मध्येच दिसत राहतो.

म्हणून आधी एक वही करा. प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशीचं वजन, क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन आणि त्या आठवड्यात सुरू असलेली सगळी औषधं एका ओळीत लिहा. उपचार सुरू होण्याआधीचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच करायची आहे. ०.६ वरून ०.९ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) झालेलं क्रिएटिनिन लॅबच्या रेंजमध्येच बसतं, पण ती दीडपट वाढ आहे. सात दिवसांत दीडपट किंवा ४८ तासांत ०.३ ने वाढ झाली, तर किडनीला अचानक इजा झाली असं धरतात. लाल खूण नसली तरीही.

रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या. क्रिएटिनिन मोजण्याच्या जॅफे आणि एन्झायमॅटिक अशा दोन पद्धती आहेत. कावीळ असेल तर जॅफे पद्धतीत आकडा खोटा कमी येऊ शकतो. आदल्या रात्री मटण-चिकन नको, पाणी मात्र नेहमीसारखं प्या. ‘उपाशीपोटी’चा अर्थ पाणी बंद असा घेऊन कोरड्या घशाने गेलं की युरिया वाढलेलाच दिसतो. सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं. रिपोर्टखाली ‘हिमोलाइझ्ड’ असा शेरा असेल तर लगेच पुन्हा रक्त द्या. एक लॅब युरिया देते, दुसरी बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन), बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. परदेशातला रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असेल तर क्रिएटिनिनला ८८.४ ने भागा.

आता हिशेब. डोसासाठी अनेक ठिकाणी कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरतात : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. समजा, ६४ वर्षांची स्त्री, वजन ५८ किलो, क्रिएटिनिन ०.८. उत्तर येतं मिनिटाला ६५ मिलिलिटर, हा किडनीच्या गाळण्याचा वेग. काही महिन्यांनी वजन ४४ किलो, क्रिएटिनिन ०.५. उत्तर ७९! बाई खंगली आणि कागदावर किडनी सुधारली. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस याच आकड्यावर ठरतो : किडनीच्या आकड्यात २५ मिळवून ठरवलेल्या एयूसीने (रक्तात औषध किती राहावं याचं लक्ष्य) गुणायचं. एयूसी ५ असेल तर पहिल्या वेळी ४५० मिलिग्रॅम, दुसऱ्या वेळी ५२०. दुबळ्या शरीराला जास्त डोस. हे टाळण्यासाठी काही केंद्रांत क्रिएटिनिन किमान ०.७ धरतात, तसं केलं की उत्तर ५६ आणि डोस सुमारे ४०५ येतो. लॅब छापते तो ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) सहसा १.७३ चौरस मीटरच्या शरीरासाठी असतो. लहान चणीच्या पेशंटसाठी तो जसाच्या तसा डोसाला वापरू नये. डोस डॉक्टरच ठरवतील, पण उतरलेलं वजन त्यांच्यासमोर ठेवणं तुमच्या हातात आहे.

वजन बरंच उतरलं असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी करावी का, हे जरूर विचारा. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायूंच्या झिजेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. अडचण एवढीच की डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं, थायरॉइडचे विकार आणि शरीरातली सूज यांनी ते बदलतं. म्हणून क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही धरून काढलेला ईजीएफआर एकेकट्यापेक्षा भरवशाचा. दोन्हींची उत्तरं एकमेकांपासून फार लांब आली तर कारण शोधायलाच हवं.

वाढलेलं क्रिएटिनिन म्हणजे दर वेळी इजा नव्हे. ट्रायमेथोप्रिम असलेल्या अँटिबायोटिकने किंवा स्तनाच्या कॅन्सरवरच्या अबेमासिक्लिबने, किडनी ठीक असतानाही आकडा चढतो. उलट सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने होणाऱ्या इजेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम घसरतं, तेव्हा तेही दर सायकलला पाहा. इम्युनोथेरपीत आकडा काही महिन्यांनीही चढू शकतो. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी तो धोका वाढतो, म्हणून त्या गोळ्याही वहीत हव्यात. गर्भाशयमुख, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा कॅन्सर असताना आकडा चढला तर सोनोग्राफी लांबवू नका. मूत्रवाहिनी दबली असेल तर स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी करता येते आणि किडनी बरीच सावरू शकते.

‘मग आयुष्य किती?’ हा प्रश्न घराघरात विचारला जातो. किडनी मंद असलेल्या पेशंटच्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं, हे खरं. त्यामागे सिस्प्लॅटिनसारखी औषधं न देता येणं, डोस कमी करावा लागणं, सोबतचे हृदयविकार अशी कारणं असतात. कित्येकदा कॅन्सरच पुढे सरकलेला असतो. पण तो गटाचा हिशेब आहे. त्यावरून एका माणसाचे महिने मोजू नयेत. मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) मात्र रक्ताचे आकडे थेट स्टेजमध्ये येतात : बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन ३.५ च्या खाली आणि अल्ब्युमिन ३.५ किंवा जास्त असेल तर पहिली स्टेज, मायक्रोग्लोब्युलिन ५.५ किंवा वर गेलं तर तिसरी. तरीही किडनी बिघडल्यानेसुद्धा ते वाढतं, हे लक्षात ठेवून वाचा. या आजारात उपचार वेळेत सुरू होऊन किडनी सुधारली तर पुढची वाटचालही सुधारते, म्हणून क्रिएटिनिन दोनच्या वर असेल तर एक दिवसही दवडू नका.

उलट्या-जुलाब दिवसभर थांबले नाहीत, लघवी निम्म्यावर आली, पायांवर सूज चढली किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वॉर्डला फोन करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू असेल तर ती त्या दिवशी घ्यायची की थांबवायची, हे त्याच फोनवर विचारा. सीटी स्कॅनला कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर सुईआधी तंत्रज्ञाला वहीतलं शेवटचं पान दाखवा.