मकबऱ्याची जाळी आधी अंगणात

मुलांना बीबी का मकबरा दाखवायला संभाजीनगरला नेणार असाल, तर आदल्या दिवशी तिथल्या जाळीची तयारी म्हणून तासभर अंगणात बसा.

पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन भोकं पाडा. एकात खिळा, दुसऱ्यात खडू. (सुतळी नको, ती ताणली जाते आणि शेवटची खूण हुकते.) फरशीवर गोल काढा. मग खिळा गोलाच्या रेषेवर ठेवून त्याच पट्टीनं पुढची खूण करा, तिथून पुढची. सहाव्या मापाला आपण बरोबर सुरुवातीच्या जागी येतो. हे आधी सांगू नका! पोरांना स्वतःला सापडू द्या, त्या क्षणी त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मग एकाआड एक खुणा जोडल्या की त्रिकोण, उरलेल्या तीन जोडल्या की सहा टोकांची चांदणी.

आठ कोनांच्या आकारासाठी पतंगाचा कागद घ्या. दोन रंगांचे सारखे चौरस, मधोमध टाचणी टोचून वरचा 45 अंशांनी फिरवा. उजेडात धरलं की दोन्ही रंग मिसळतात तेवढाच भाग गडद दिसतो, तो अष्टकोन.

मकबऱ्यात औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचा कठडा आहे, तोही अष्टकोनीच. 17व्या शतकातलं हे काम. तिथं माहिती सांगत बसू नका. जाळीतला पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान तुकडा शोधायला सांगा, आणि वहीत तेवढाच काढू द्या.